न चिकटवलेले पक्षी

पुरोहित स्मरणपाठ आटोपून गेले, त्यांच्या मोटारीचा आवाज पुलापलीकडे विरला, तरी उदबत्तीचा धूर देवघरापाशी रेंगाळतच राहिला. जणू ज्याच्यासाठी ती लावली होती त्या माणसाला अजून घरातून उठायची घाई नव्हती. मधल्या खोलीत तोकिकोने धाकट्या भावाला फैलावर घेतले होते. भाजक्या कडांच्या बोनितो माशाचा हातभर रुंद थाळा वडिलांच्या तसबिरीकडे तोंड करून ठेवायचा की जेवणाऱ्यांकडे, असा प्रश्न होता, आणि बहिणीशी आयुष्यात एकही वाद न जिंकलेला शिगेकी तो थाळा दोन्ही हातांत धरून जागच्या जागी गोल फिरत होता.

मित्सुयो नवऱ्याच्या मदतीला गेली नाही. ती मागच्या पडवीत उभी होती. सासरे हयात असताना या पडवीत कागद वाळवायच्या फळ्या ओळीने उभ्या असत. आता त्या भिंतीवर एकच गोष्ट टांगलेली होती. तिने केलेले चित्र.

त्यात नियोदो नदी होती, सकाळची. पाणी निळ्या कागदाच्या सात थरांचे, काठचे गोटे राखी आणि तपकिरी, वर देवदारांचा डोंगर, आणि पाणी नि डोंगर यांच्यामध्ये धुक्याचा एक लांब, सैल पट्टा. रंगाचा थेंब कुठे नव्हता आणि कात्रीचा घावही नव्हता. ओल्या कुंचल्याने कागदावर पाण्याची रेघ ओढायची, रेघ मुरू द्यायची, मग दोन्ही हातांनी कागद हलकेच वेगळा करायचा. फाटलेल्या कडेला तंतूंची लव सुटते आणि शेजारच्या कागदावर ती अशी विसावते की कोण कुठे संपले ते कळू नये. कात्रीने कापलेली कड मुकी असते, असे मित्सुयो मनाशी म्हणे. मोठ्याने ती असले काही बोलत नसे.

लग्न होऊन या घरात आल्यापासूनच्या एकतीस वर्षांत तिने अशी दोनशेहून अधिक चित्रे केली होती आणि एकूण एक देऊन टाकली होती. एक दवाखान्याच्या बाकांवरच्या भिंतीला होते, एक शाळेच्या जिन्यात, एक तोकिकोच्या घरी शौचालयात. तिथे बसले की नेमके डोळ्यांसमोर येते, अशी तोकिकोने त्याची तारीफही केली होती. सगळ्यांनी ‘किती सुंदर’ म्हटले होते. ‘केवढ्याला’ असे आजवर कुणी विचारले नव्हते. आज ते विचारायला कुणीतरी येणार होते, आणि पंचावन्न वर्षांची मित्सुयो सकाळपासून तिसऱ्यांदा चौकटीवरची नसलेली धूळ पुसत होती.

हा घाट तिच्या मुलीने घातला होता. नाओने चित्राचा फोटो नदीच्या वरच्या अंगाला पाहुणघर चालवणाऱ्या एका बाईंना पाठवला आणि त्यांनी पाहायला येते म्हटल्यावर दिवस मुद्दाम आजचाच दिला. आजोबांच्या स्मरणविधीला सारे घर जमणार, ते सगळ्यांच्या देखत व्हावे, एवढाच तिचा हिशेब. तोकिकोला हे कळले तेव्हा तिने वडिलांच्या दिवशी घरात बाजार मांडल्याबद्दल भाचीला चांगलेच सुनावले होते. येणाऱ्या बाई आजोबांच्या कागदाचे नाव ऐकून येताहेत असे नाओने सांगितल्यावर मात्र आत्याचा सूर उतरला. धुक्याचा तो पट्टा म्हणजे तोराहिको ओकाबायाशी यांनी आपल्या शेवटच्या हिवाळ्यात गाळलेला कागद होता, किड्याच्या पंखासारखा पातळ, हातात धरला तर हाताचे वजन वाढू नये असा. वडिलांचे नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळणार असेल, तर थोडासा बाजार तोकिकोला चालणार होता.

*

पाहुणघरवाल्या कियोओका-सान जेवणाच्या वेळेला नेमक्या आल्या. साठीच्या, ठेंगण्या, उन्हाने रापलेल्या. चित्राचा विषयही न काढता त्या आधी देवघरापुढे बसल्या, उदबत्ती लावली, हात जोडले आणि तसबिरीतल्या अनोळखी म्हाताऱ्याकडे इतका वेळ पाहत राहिल्या की तोकिको मनातून त्यांची झाली. तिने लगेच आपला पेला रिकामा करून त्यांच्यापुढे धरला. या मुलखात असा पुढे आलेला पेला घ्यायचा असतो, प्यायचा असतो आणि भरून परत करायचा असतो. त्यातून सुटका नाही.

कियोओका-सान म्हणाल्या, गाडी चालवत परत जायचे आहे.

“मग गाडीला पाजू,” तोकिको म्हणाली. “तिला तरी कुठं घाटात शुद्धीवर राहायचं असतं.”

सगळे हसले. चुलीच्या बाजूला उशीला टेकून बसलेली म्हातारी हात्सुएही हसली. तोराहिकोची ही विधवा आता चौऱ्याऐंशीची होती. तिला कमी ऐकू येते असे घरात सर्वांनी धरून चाललेले होते आणि तिनेही ते कधी खोडून काढले नव्हते. बोलणे आपल्यावर येऊ नये असे वाटणाऱ्या माणसाला बहिरेपणासारखी सोय नाही.

मग कियोओका-सान मित्सुयोबरोबर पडवीत गेल्या, आणि नाओ त्यांच्या मागे. आईच्या आयुष्यातले हे पहिले गिऱ्हाईक कसे पाहते ते तिला पाहायचे होते. तिची कल्पना होती की त्या मागे सरतील, डोके कलते करतील, काहीतरी चार चांगले शब्द बोलतील. कियोओका-सान जमिनीवरच बसल्या. गुडघे घेऊन, चित्रासमोर, एखाद्या खिडकीशी बसावे तशा. बराच वेळ गेला. आतून शिगेकीच्या पेल्यांचा आवाज येत होता. नाओला वाटले, आईच्या पाठीवर हात ठेवावा. पण आईची पाठ इतकी ताठ होती की तिथे हाताला जागा नव्हती.

“मी रोज उठून हेच बघते,” अखेर त्या बाई म्हणाल्या. “माझ्या खिडकीतून. चाळीस वर्षं. हे असंच असतं, पण असं कुणी केलेलं पाहिलं नव्हतं.” मग त्या मित्सुयोकडे वळल्या, आणि कारागिराशी बोलताना इकडे जी अदब पाळतात ती पाळून, विकाल का असा उघडा शब्द टाळून त्यांनी विचारले, “हे माझ्याकडे सोपवाल का?”

“नाही,” मित्सुयो म्हणाली. “सोपवणार नाही. विकेन.”

दारात येऊन उभ्या राहिलेल्या शिगेकीला ठसका लागला. मित्सुयोचे कान लाल झाले, पण तिने नजर खाली केली नाही. सोपवलेली दोनशे चित्रे तिच्या मागे उभी होती. दिल्या चित्राला कुणी परत विचारत नाही, चौकट तुटली तर कुणी सांगत नाही. दिलेले चित्र शौचालयात जाते. विकत घेतलेल्या चित्रासाठी माणूस भिंत शोधतो. तिला भिंत हवी होती.

कियोओका-सान क्षणभर गोंधळल्या आणि मग मोकळ्या हसल्या. “बरं. मग विकत द्या.” नाओने कळवलेली दोन लाख येनची किंमत त्यांनी एकदाच उच्चारली, घासाघीस केली नाही, आणि चित्र पाहुणघराच्या प्रवेशाशी, बूट काढून माणूस वर बघतो तिथे, एकटेच लागेल असे सांगितले. एकच मागणे होते. खाली एक पट्टी हवी. चित्र कुणाचे आणि कागद कुणाचा, हे येणारी माणसे विचारतातच. तेव्हा तोराहिको ओकाबायाशी हे नाव चांगल्या अक्षरात लिहून मिळाले तर बरे.

“चांगल्या अक्षराला लांब जायला नको,” शिगेकी म्हणाला. “ताई आमची अक्षरच शिकवते.”

तोकिकोने नको-नको म्हणेपर्यंत दगडावर शाई उगाळायला घेतलीही होती.

नाओ आईकडे पाहून हसली. सगळे तिने योजल्यासारखे झाले होते; किंबहुना त्याहूनही बरे, कारण आत्या वाकून शाई उगाळते आहे हे तिच्या योजनेत नव्हते. कियोओका-सान पुन्हा चित्राशी गेल्या आणि त्यांनी चित्राचे नाव विचारले. सकाळ, एवढेच आहे, मित्सुयो म्हणाली. त्यांना जरा नवल वाटले. नावात पक्षी नाहीत? पक्ष्यांमुळेच तर त्यांनी हे चित्र घ्यायचे ठरवले होते. धुक्यात दूरवर उठलेले ते अकरा पाणकावळे. लोक पक्षी काढतात तेव्हा पंख काढतात, चोच काढतात. इतक्या लांबून पंख कुठे दिसतात? दिसतो तो नुसता काळा कण, तोही आहे की नाही असा. आणि एक कुठे, तीन कुठे, उडण्यात काही रांग नाही, ठरवून लावल्यासारखे काही नाही. हे तुम्ही चिकटवलेत कसे?

मित्सुयोच्या तोंडून खरे निघून गेले. कागदाच्या घरात एकतीस वर्षे राहिलेल्या माणसाच्या तोंडून निघावे तसे, विचार करण्याआधी.

“मी नाही चिकटवले. पक्षी नाहीत ते. चिरी आहे.”

कागदासाठी कोझोच्या झाडाची साल शिजवली की तिच्या तंतूंत बाहेरच्या काळ्या सालीचे बारके कण उरतात. त्यांना चिरी म्हणतात. ते एक-एक करून वेचावे लागतात. राहिला तर कागदात डाग होऊन बसतो. या घरात पोरांना शिव्या माफ होत्या, हा शब्द माफ नव्हता.

शाईचा दगडावरचा आवाज थांबला होता.

*

तोकिकोच्या हातात कुंचला होता आणि तिच्या डोळ्यांसमोर एक हिवाळा होता. ती नऊ वर्षांची होती. जुन्या पोथ्यांच्या डागडुजीसाठी तीनशे कागदांची मागणी आली होती. वडील एक-एक ताव खिडकीशी धरून पाहत होते, आणि दोनशे कितव्याशा तावाला त्यांचा हात थांबला. मोहरीएवढा डाग. त्यांनी तो ताव बाजूला काढला नाही. दिवसभराची सगळी थप्पी उचलली आणि पुन्हा पाण्याच्या हौदात बुडवली. एक राहिली तिथे दुसरी राहिली असेल, एवढेच म्हणाले. ती गोष्ट पुढे सगळ्या गावाने सांगितली, जिल्ह्याच्या सन्मानाच्या वेळी व्यासपीठावरूनही सांगितली गेली. तोकिकोने ती आपल्या मुलांना सांगितली होती आणि शिष्यांना दरवर्षी सांगत असे. तिच्या अक्षरातला ताठपणा तिथून आला होता.

“मग हा बाबांचा कागद नाही,” ती म्हणाली.

“बाबांचाच आहे,” मित्सुयो म्हणाली.

“बाबांच्या कागदात चिरी? अकरा? मित्सुयो, मी त्यांची मुलगी आहे. गिऱ्हाइकाला सांग हवं ते, मला नको सांगू. कुठून आणलास? गिरणीचा आहे का?”

“पेटीतला आहे. शेवटच्या हिवाळ्यातला.”

“आणि चिरी कुठनं आली त्यात? उडून बसली?”

मित्सुयो गप्प राहिली. तिला उत्तर ठाऊक होते, हे तिच्या गप्प राहण्यावरून सर्वांनाच कळले, आणि म्हणून ते गप्प राहणे कबुलीसारखे वाटले. तोकिकोने कुंचला दगडाच्या काठावर आडवा ठेवला. म्हणाली, एकतर हा कागद दुसऱ्याचा आहे आणि त्याच्यावर वडिलांचे नाव खपवले जाते आहे. नाहीतर वडिलांनी डागाळलेला कागद घरात ठेवला, आणि मग आयुष्यभर आपण सांगत आलो ते खोटे. यातले कोणते, ते तूच सांग. यातले कोणतेही मी माझ्या हाताने लिहिणार नाही.

शिगेकी पुढे झाला. भांडण मिटवायचा त्याचा मार्ग नेहमी सगळ्यांना थोडे-थोडे दुखवणारा असे. तो म्हणाला, पट्टीवर नुसते मित्सुयोचे नाव घालावे, कागदाचे नावच नको, म्हणजे प्रश्नच नाही. नाओ वडिलांवर उसळली; आत्या आईला चोर म्हणते आहे आणि तुम्ही पट्टीची लांबी कमी करताय, असे तिने विचारले. शिगेकीने बहिणीकडे पाहिले, मग बायकोकडे, आणि बहुधा पहिल्यांदाच कुणाच्या बाजूने उभे राहायचे ते न कळून भिंतीला टेकला. वडिलांचा धंदा त्याने घेतला नव्हता. त्या कागदाविषयी काही बोलायचा हक्क आपण सोडून दिला आहे असे त्याला वाटत असे, आणि हे वाटणे सोयीचे आहे हेही त्याला कळत असे.

तोकिकोने मग आवाज खाली आणून दुसरी वाट दाखवली. ती दुष्ट नव्हती. त्याच पेटीतला स्वच्छ कागद नखाएवढा फाडायचा आणि प्रत्येक कणावर बसवायचा, धुक्यावर धुके, दहा मिनिटांचे काम. मग ती नाव लिहील, आनंदाने लिहील, आणि झाले-गेले कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

“झाकणार नाही,” मित्सुयो म्हणाली.

“का?”

“झाकणार नाही, ताई. आणि बाबांचं नाव काढूनही देणार नाही. नसेल जमत तर चित्र इथंच राहू दे.”

कियोओका-सान इतका वेळ दुसऱ्याच्या घरातले भांडण ऐकायला लागलेल्या माणसासारख्या पायांकडे पाहत होत्या. त्यांनी बाहेर गाडीत थांबू का म्हणून विचारले. मग, न राहवून, एवढे मात्र सांगितले की पक्षी झाकले तर त्यांना चित्र नको. त्यांना वाईट वाटत होते. पण उगाच हो म्हणणे त्यांच्याने व्हायचे नाही.

नाओने आईचा दंड धरला. “आई, बोल ना. तुला माहितेय. काय ते बोल.”

मित्सुयोने नकारार्थी मान हलवली. ती चित्राकडे पाहत नव्हती, तोकिकोकडे पाहत नव्हती. आणि मधल्या खोलीकडे, चुलीच्या दिशेने, ती इतक्या कसोशीने पाहत नव्हती की तिकडून ते स्पष्ट दिसले.

*

हात्सुएने सगळे ऐकले होते. चिरी हा शब्द तिला नदीपलीकडून ऐकू आला असता.

ती बावीस वर्षांची असताना या घरात आली आणि दुसऱ्याच सकाळी तिला वाहत्या पाण्याकाठी, टोपलीतल्या शिजल्या सालीपुढे बसवले गेले. त्यानंतरचे साठ हिवाळे ती तिथेच बसली. बोटे आधी दुखत, मग बधिर होत, मग बधिर बोटांनाच एक नजर येई. पांढऱ्या तंतूंतला कण त्यांना डोळ्यांआधी सापडे. ती वेचत असे, नवरा गाळत असे, ती फळ्यांवर चढवत असे, नवरा उजेडात धरून पाहत असे. ताव उजेडात धरल्यानंतर तो किती वेळ गप्प राहतो, ते तिला पाठ झाले होते. थोडा वेळ, तर ताव चांगला. लांबली शांतता, तर सगळे पुन्हा पाण्यात, आणि ती पुन्हा काठावर.

शेवटच्या त्या हिवाळ्यात तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. तिने कुणाला सांगितले नव्हते. बोटे आहेत ना, असे तिचे म्हणणे होते. पण बोटेही चौऱ्याऐंशीकडे चालली होती. फळीवरून सुकलेला ताव सोडवताना तिच्या तळव्याला काहीतरी लागले, नाचणीच्या दाण्याचा निम्मा भाग असावा तसे. आणखी एक. आणखी एक. तिने ताव नवऱ्याच्या हातात दिला आणि वाट पाहिली. खिडकीशी कागद करकरला. शांतता सुरू झाली आणि लांबत गेली, साठ वर्षांत कधी नव्हती इतकी. हौदाचे झाकण सरकल्याचा आवाज येईल म्हणून ती उठायलाही लागली होती. आला तो कागदावर कागद ठेवल्याचा आवाज. चांगल्या थप्पीवर.

आज ऊन बरं पडलंय, तोराहिको म्हणाला होता.

पुढच्या तावाला तेच. त्याच्या पुढच्यालाही. त्याने विचारले नाही, तिने सांगितले नाही, आणि वसंतात तो गेला. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तिने पेटी उघडली तेव्हा तिला ते कण पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले. मित्सुयो शेजारी होती. दोघी काही बोलल्या नाहीत. महिन्याभराने मित्सुयोने फक्त विचारले होते, आई, यातला वरचा घेऊ का, आणि हात्सुएने पेटीची किल्ली तिच्या हातात ठेवली होती.

आता ही सून तिकडे उभी राहून चोर ठरत होती, आयुष्यातले पहिले गिऱ्हाईक दारातून परत पाठवत होती, आणि ते कशासाठी, तर म्हातारीची लाज राखायला. हात्सुएला गहिवर वगैरे आला नाही. तिला राग आला. मला लाज वाटते का, हे हिने विचारले कधी?

तिने हातांनी जमिनीवर रेटा दिला आणि ती उठली. पडवीत पोहोचायला तिला वेळ लागला.

“तोकिको, कुंचला नीट ठेव. शाई ओघळतेय.”

“आई, तू बस. तुझं काही नाही यात.”

“माझंच आहे सगळं,” हात्सुए म्हणाली. “कागद तुझ्या बापाचा आहे. चिरी माझी आहे. दिसत नव्हतं मला त्या हिवाळ्यात. राहिली.”



“बाबांना,” तोकिको म्हणाली, “बाबांना दिसलं नाही?”

“त्यांना दिसणार नाही असं कधी झालं होतं? खिडकीशी धरून बघितलं. सगळ्यात जास्त वेळ बघितला तो ताव. आणि चांगल्यांत ठेवला.”

“का?”

“ते मला नाही बोलले. तुला सांगते, मलाही विचारायचं नव्हतं.” हात्सुएने चित्राकडे पाहिले, नव्या डोळ्यांनी तिला प्रत्येक कण वेगळा दिसत होता. “माफी मागायला नाही उठले मी. साठ वर्षं वेचली. किती वेचली ते कुणी मोजलं नाही कधी. ही राहिली ती मात्र लगेच मोजलीत, अकरा म्हणून.”

शिगेकी भिंतीपासून सुटला आणि आईच्या मागे जाऊन उभा राहिला, तिला आधार लागला तर असावा म्हणून; बायकोकडे पाहून त्याने मान खाली घातली. मित्सुयो रडत नव्हती. ती सासूकडे अशी पाहत होती की जणू कुणीतरी तिच्या हातातले ओझे न विचारता काढून घेतले आणि आता हातांचे काय करायचे ते तिला कळेना.

तोकिको चित्राजवळ गेली. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक कागदाला लागेल इतकी वाकली. नऊ वर्षांची असतानाचा तो हिवाळा अजून तिच्या डोळ्यांसमोर होता, वडिलांनी उचललेली थप्पी, हौदातला छपाक आवाज. फक्त आता त्या आठवणीच्या कोपऱ्यात एक पाठ हलली. एक बाई उठली होती, काही न बोलता तिने टोपली उचलली होती आणि अंधारून आलेल्या नदीकडे ती परत चालली होती. ती तेव्हाही तिथे होती. ती गोष्ट इतक्यांदा सांगताना तोकिकोने तिला एकदाही त्यात घेतले नव्हते.

“पाणकावळेच आहेत,” ती अखेर म्हणाली, कुणाकडेही न बघता. “थव्याला सोडून तो एक खाली चाललाय बघ. कुणाचं ऐकत नाही, अगदी आपल्या घरातल्या माणसांसारखा.”

कियोओका-सान पुढे झाल्या. त्यांनी विचारले, पाहुण्यांना हे सांगितले तर चालेल का? हात्सुए म्हणाली, चालायला काय झाले, मोठ्याने सांगा.

तोकिको पाटाशी जाऊन बसली. मघाशी दोन नावांपुरती कापलेली पट्टी तिने बाजूला सारली, मोठी घेतली, कुंचला बुडवून टोक जुळवले. विधी चालल्यासारखे तिचे खांदे ताठ झाले. चित्र मित्सुयोचे, कागद तोराहिकोचा, आणि तिसरे नाव वेचणारीचे. शेवटी घालू ना, असे तिने विचारले.

“शेवटी कशाला?” हात्सुए म्हणाली. “साल पहिल्यांदा माझ्या हातात यायची. पहिलं घाल.”

तोकिकोचा कुंचला कागदावर येऊन थांबला. दवाखान्याचे अर्ज, बँकेचे अर्ज, वडिलांच्या मृत्यूनंतरचे सगळे कागद तिने पेनाने भरले होते आणि त्यांत आईचे नाव कितीदा तरी आले होते. शाईने, कुंचल्याने, ते तिने एकदाही लिहिले नव्हते. त्या काळी मुलींच्या नावाला कुणी जड, अर्थाची अक्षरे शोधीत बसत नसे. नोंदीत ते शाळेतल्या पहिल्या धड्यासारखे होते, तीन साधी अक्षरे, सरळ फटकाऱ्यांची. तिला कळले की ही तीन अक्षरे नीट यायला हवीत तर आजवर लिहिलेले काहीच तिच्या कामाला येणार नाही.

हात्सुए तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

“बारीक लिहू नकोस,” ती म्हणाली.